पब्लिक पॉलिसी करून एल अँड डीमध्ये यायचंय? मग आधी ट्रेनिंग रद्द करायला शिक

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.ए. पब्लिक पॉलिसी झालंय, चार वर्षं कामाचा अनुभव, त्यातलं दीड वर्ष एका जिल्ह्यात फेलो म्हणून आणि बाकीचं एका कन्सल्टन्सीत ग्रामपंचायत सदस्यांसाठी ट्रेनिंगची मॉड्यूल्स लिहिण्यात. आता आईच्या तब्येतीमुळे पुणं सोडता येत नाही, म्हणून कंपन्यांच्या लर्निंग अँड डेव्हलपमेंटमध्ये (एल अँड डी, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या ट्रेनिंगचं खातं) अर्ज टाकतोय आणि एचआरवाले म्हणतात की कॉर्पोरेट एक्सपिरियन्स नाही. तर शून्यापासून सुरुवात करायची का, सर्टिफिकेट कुठलं करू, आणि एमबीए करू का. ताई म्हणून विचारलंयस तर सरळ अरे-तुरेच करते, चालवून घे.

मी हाच रस्ता चालून आलेय. सात वर्षं सरपंच-ग्रामसेवकांची ट्रेनिंगं केली, मग चाकणच्या बाजूला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत गेले, आणि तेव्हापासून याच कामात आहे, कंपन्या तेवढ्या बदलल्या. शून्यापासून नाही करावं लागत. पण तुला वाटतंय ती शिदोरी नाही कामाला येत, वेगळीच येते. म्हणजे तुझी मॉड्यूल्स, तुझे रिपोर्ट, तुझी डिग्री याला इथे फारसं कोणी विचारणार नाही. तुला जे माहितीये आणि जे तू सीव्हीत लिहिलेलंच नसणार ते असं, की वरून जीआर निघाला आणि खाली ट्रेनिंग झालं म्हणून माणसं वेगळी वागायला लागत नाहीत.

एक सांगते. २०११ मध्ये आपल्याकडे पंचायतीत महिलांचं आरक्षण ५० टक्के झालं आणि आमच्याकडे नवीन निवडून आलेल्या बायकांच्या ट्रेनिंगचा नुसता पूर आला. मासिक सभा कशी घ्यायची, कोरम म्हणजे काय, ठराव कसा लिहायचा, सगळं आम्ही शिकवायचो, चित्रं, खेळ, रोलप्ले, काय काय. तीन दिवस, जेवण, टीए-डीए. शेवटी फीडबॅक फॉर्म, त्यात सगळ्यांचं "खूप छान". आणि मग सहा महिन्यांनी मी एका गावात गेले तर सरपंचबाईंना कोरमबिरम सगळं पाठ होतं अगदी, पण सभा होतच नव्हती. ग्रामसेवक रजिस्टर घेऊन घरी यायचा, ओट्यापाशी उभं राहून सही घ्यायचा, बाकी सगळं यजमान बघायचे. आता यात ज्ञान कुठे कमी होतं सांग. ती म्हणाली, "मॅडम, मला येतंय हो सगळं, मला बोलवत नाहीत." त्या एका वाक्यावर माझं पुढचं सगळं करिअर उभं आहे, खोटं नाही सांगत. ट्रेनिंग तिला नको होतं, सभेची वेळ, जागा आणि ग्रामसेवकाची सवय बदलायला हवी होती. आणि आम्ही तिलाच परत रिफ्रेशर ट्रेनिंगला बोलावलं, कारण बजेट ट्रेनिंगच्या हेडमध्ये होतं!

आता कंपनीतला किस्सा. मी लागून चार-पाच महिने झाले असतील, क्वालिटीच्या मॅनेजरचा मेल आला, नाइट शिफ्टमधून माप न तपासता पार्ट पुढे जातायत, सगळ्या ऑपरेटरना दोन तासांचं क्वालिटी अवेअरनेस ट्रेनिंग द्या. माझा आधीचा माणूस असता तर त्याने पीपीटी काढली असती, पहिल्याच स्लाइडवर "क्वालिटी इज एव्हरीवन्स रिस्पॉन्सिबिलिटी". मी म्हटलं एक रात्र बसून बघते. बसले. तर गेज, म्हणजे माप तपासायचं साधन, क्वालिटी रूममधल्या कपाटात असायचं आणि कपाटाची चावी डे शिफ्टच्या इंजिनिअरच्या खिशात, तो सातला घरी. ऑपरेटर करणार काय, पार्ट डोळ्याने बघायचे आणि पुढे ढकलायचे. ओडिशाचा एक पोरगा होता, त्याने मला हिंदीत सगळं नीट समजावून सांगितलं, कुठलं माप किती आलं पाहिजे, टॉलरन्स किती, अगदी बरोबर. त्याला काय अवेअरनेस देणार होते मी?

चावी सिक्युरिटीकडे ठेवायची ठरली, रजिस्टरमध्ये सही करून घ्यायची. ट्रेनिंग रद्द. आता तुला वाटेल मॅनेजर खूश झाला असेल. अजिबात नाही! त्याला ट्रेनिंगची अटेंडन्स शीट पाहिजे होती, ऑडिट तोंडावर आलं होतं. आयएसओ ९००१, म्हणजे क्वालिटी सांभाळण्याचं आंतरराष्ट्रीय मानक, त्यात ७.२ म्हणून कलम आहे, कॉम्पिटन्सचं, त्यात माणसाला काम येतं याचा पुरावा ठेवा म्हणतात, आणि बहुतेक कंपन्यांनी त्याचा सोयीस्कर अर्थ काढलाय की सह्यांचा कागद ठेवा. खरं तर तेच कलम असंही म्हणतं की जे काही केलंत त्याचा उपयोग झाला का ते बघा. तो भाग कोणी वाचत नाही. मी वाचला होता कारण कायदे आणि नियम पूर्ण वाचायची सवय पॉलिसीतच लागली, आणि मीटिंगमध्ये ते वाक्य वाचून दाखवलं म्हणून बचावले. हे तुलाही येणार आहे, ही सवय सोडू नकोस.

तर मुद्दा हा. या धंद्यात ट्रेनिंग "द्यायला" शंभर लोक मिळतात. ट्रेनिंग हा इलाजच नाही हे पुराव्यासकट, समोरच्याचा अपमान न करता सांगणारे फार थोडे. रॉबर्ट मेगर म्हणून अमेरिकेतले एक ट्रेनिंगमधले जुने जाणकार होते, त्यांची कसोटी अशी, की जिवावर बेतलं तर या माणसाला हे काम करता येईल का? येत असेल तर अडचण शिक्षणाची नाहीये, दुसरीकडे शोधा. पॉलिसीच्या माणसाला हे दुसरीकडे शोधणं अंगवळणी असतं, इन्सेंटिव्ह काय आहे, अडवतंय कोण, फॉर्म कोणाच्या टेबलावर अडकतोय. तेच इथे, फक्त टेबलाऐवजी मशीन.

आणि हे दोन्ही प्रांत वेगळे आहेत असं वाटून घेऊ नकोस. एल अँड डीची कितीतरी अवजारं मुळात सरकारीच आहेत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांमध्ये नवखी माणसं भरायची वेळ आली तेव्हा सरकारने १९४० मध्ये ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री नावाचा कार्यक्रम काढला, सुपरवायझरला शिकवायला शिकवायचा. माणसाची तयारी करा, करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मग लक्ष ठेवा, एवढ्या चार पायऱ्या. युद्धानंतर तो जपानला गेला, आणि आज आपल्याकडच्या ऑटो प्लँटमध्ये जे डोजो असतात ना, नवीन पोरांना लाइनवर सोडायच्या आधी जिथे हात बसवून घेतात, तिथे या चार पायऱ्या वेगळ्या नावाने दिसतातच. इन्स्ट्रक्शनल डिझाइनवाले, म्हणजे कोर्सची रचना करणारे, ज्याचा सारखा जप करतात ते ॲडी मॉडेलसुद्धा (गरज तपासा, आराखडा करा, कोर्स बनवा, राबवा, मग उपयोग झाला का बघा) १९७५ च्या सुमारास फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत अमेरिकन लष्करासाठी केलेलं काम. मुलाखतीत कोणी "गव्हर्नमेंट बॅकग्राउंड" म्हणून नाक मुरडलं तर मनातल्या मनात हे आठव. बोलू नकोस मात्र, नोकरी पाहिजे ना.

इव्हॅल्युएशनमध्ये, म्हणजे ट्रेनिंगचा उपयोग झाला का ते तपासण्यात, तू बऱ्याच जणांच्या पुढे असशील. डोनाल्ड कर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९५९ मध्ये चार पातळ्या मांडल्या, लोकांना आवडलं का, शिकले का, कामावर गेल्यावर वागणं बदललं का, आणि त्याने धंद्यात काही फरक पडला का. सगळ्या एल अँड डीवाल्यांना ही चार नावं पाठ असतात आणि जवळपास सगळे पहिल्या पातळीवरच थांबतात, म्हणजे दुपारच्या जेवणानंतर भरलेला फॉर्म, त्यात एसी आणि पनीरला किती मार्क. वर्षाच्या शेवटी काय मोजायचं तर ट्रेनिंगचे मॅन-डेज, म्हणजे किती माणसं किती दिवस बसली. हे म्हणजे संडास किती बांधले ते मोजायचं आणि वापरतं कोण ते विचारायचंच नाही, तसं झालं. तू हा खेळ बघितलेला आहेस.

पण इथे एक चूक मी केली ती तू करू नकोस. मी उत्साहात कंट्रोल ग्रुप म्हणाले. अर्ध्या लाइनला ट्रेनिंग द्यायचं नाही, मग तुलना करू. प्लँट हेड माझ्याकडे असे बघत राहिले की मी काहीतरी अशुभ बोलले. मग शिकले की तीच गोष्ट वेगळी मांडायची, "सर, सगळ्या लाइन एकदम नको थांबवायला, या महिन्यात दोन लाइन घेऊ, पुढच्या महिन्यात उरलेल्या." प्रॉडक्शनची सोय झाली आणि मला महिनाभर तुलनेसाठी आयत्या लाइन मिळाल्या. रिजेक्शनचा आकडा रोज फळ्यावर लिहिलेलाच असतो, बेसलाइन, म्हणजे ट्रेनिंगआधीचा आकडा, गोळा करायला सर्व्हेची टीम पाठवावी लागत नाही. पॉलिसीत आपण डेटासाठी दोन-दोन वर्षं रडतो, इथे तो चहाच्या मशीनशेजारी लटकत असतो, बघत कोणी नाही एवढंच.

आता जे येत नाही ते. सगळ्यात पहिलं वेळ. सरकारी ट्रेनिंगमध्ये तीन दिवस हक्काचे असतात, इथे लाइन थांबली की प्रत्येक मिनिटाचा हिशोब, शिफ्ट बदलताना १५-२० मिनिटं मिळाली तर नशीब. ऑफिसवाल्या कंपनीत लाइन नसते पण लोक कॅमेरा बंद करून दुसरंच काम करत बसतात, ते त्याहून वाईट. दुसरं लिखाण. तू तीस पानांची नोट लिहिणारा माणूस, इथे एक पान, आणि त्यातलं पण वरचं अर्धंच वाचतात. "स्टेकहोल्डर", "क्षमता बांधणी", "समावेशक" हे शब्द सहा महिने उपास समजून सोड. तिसरं, आणि हे जरा टोचेल, आपण पॉलिसीतले लोक नकळत थोडे वरून बोलतो, आपण समाजासाठी काम करत होतो आणि हे आपले नट-बोल्ट. समोरच्याला ते लगेच कळतं. वीस वर्षं एकाच प्रेसवर काम केलेला सुपरवायझर तुला पहिल्या दहा मिनिटांत तोलतो.

हातातलं कसबही लागतं, त्याला इलाज नाही. ऑनलाइन कोर्स बनवायला आर्टिक्युलेटचं स्टोरीलाइन किंवा राइझ यातलं एक, कोर्स चालवायचं मूडल नावाचं एलएमएस (लर्निंग मॅनेजमेंट सिस्टिम) कसं चालतं ते, मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ शूट करून एडिट करणं, स्कॉर्म (कोर्सची फाइल कुठल्याही एलएमएसवर चालावी म्हणून ठरलेला साचा) म्हणजे काय आणि एलएमएसवर कोर्स चढवला की तो का अडकतो. महिना-दोन महिन्यांत जमतं. मूडल फुकटच आहे, घरी टाकून खेळ.

भाषेचं मात्र तुझ्या बाजूने आहे. चाकण, रांजणगाव, तळेगाव कुठेही जा, सुपरवायझर मराठी, ऑपरेटर अर्धे मराठी अर्धे यूपी-बिहार-ओडिशाचे, त्यातले बरेच कॉन्ट्रॅक्टवर, आणि स्लाइड इंग्लिश! ग्रामसभेत उभं राहून बोललेला माणूस शॉप फ्लोअरवर बोलू शकतो, ही गोष्ट बी-स्कूलच्या पोरांना सहज नाही जमत.

शिरायचं कुठून म्हणशील तर लीडरशिप डेव्हलपमेंट वगैरे गोंडस नावांच्या मागे आत्ता लागू नकोस, तिथे गर्दी आहे. जिथे कायदा आणि ट्रेनिंग एकमेकांना भेटतात तिथून घूस. पॉश कायदा, म्हणजे कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा, २०१३ चा, दहा किंवा जास्त माणसं असली की अंतर्गत समिती लागते, आणि कर्मचाऱ्यांसाठी वर्कशॉप, समितीच्या सदस्यांसाठी वेगळं ओरिएंटेशन घेणं ही मालकाची जबाबदारी आहे, बहुतेक ठिकाणी ते एका कंटाळवाण्या व्हिडिओवर उरकतात. डेटा प्रोटेक्शनचा २०२३ चा कायदा आहे. चार लेबर कोड २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाले, २९ जुने कायदे त्यात गेले, म्हणजे एचआरपासून कॉन्ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांना परत शिकवायचंय. त्यातल्या इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडमध्ये रिस्किलिंग फंड आहे, कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने १५ दिवसांच्या पगाराएवढी रक्कम भरायची, हे तुझ्या मुलाखत घेणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असतं बघ. गॅझेट उघडून मूळ मजकूर वाचणारा माणूस एल अँड डीमध्ये दुर्मिळ आहे.

दुसरं दार अप्रेंटिसचं. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण माणसांच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. घेतात, पण बऱ्याच ठिकाणी त्यांना स्वस्त हात म्हणून वापरतात, शिकवायची रचना कागदावर. तिथे खरं काम करून दाखवलंस तर लगेच दिसतं, कारण पोरं टिकतात. आणि मोठ्या लिस्टेड कंपनीत गेलास तर बीआरएसआर रिपोर्टमध्ये, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार यांच्या वार्षिक अहवालात, किती कर्मचारी आणि कामगारांना सेफ्टीचं आणि स्किलचं ट्रेनिंग दिलं ते स्त्री-पुरुष वेगळं करून सांगावं लागतं, शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीचा नियम आहे, बाजारमूल्याने पहिल्या १००० कंपन्यांना. तो आकडा वर्षाच्या शेवटी धावपळ करून जमवतात. तू आल्या आल्या "हे मी बघतो" म्हण.

सीएसआरचं, म्हणजे कंपनीच्या सामाजिक कामांवरच्या खर्चाचं, दार मात्र एल अँड डीचं समजू नकोस. पॉलिसीवाल्यांना तिथे पटकन घेतात आणि "पुढे आत वळता येईल" म्हणतात. स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च सीएसआरमध्ये धरताच येत नाही, त्यामुळे ते खातं आणि हे खातं यांचा पैसा वेगळा, साहेब वेगळा, कधी कधी बिल्डिंगपण वेगळी. तिथून इकडे वळलेली माणसं मी फार पाहिली नाहीत.

उलटा रस्ता पण उघडा आहे, हे लक्षात ठेव. २०२० च्या सप्टेंबरमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या ट्रेनिंगसाठी केंद्राचं मिशन कर्मयोगी मंजूर झालं, पुढच्या वर्षी क्षमता विकास आयोग आला, नियमांऐवजी भूमिकेवर आधारित काम अशी भाषा, आयगॉट नावाच्या त्यांच्या पोर्टलवर ऑनलाइन कोर्स. म्हणजे सरकार आता एल अँड डीची भाषा बोलतंय. आपल्याकडे पुण्यात यशदा, राज्य सरकारची ट्रेनिंगची संस्था, आहेच. चार-पाच वर्षं कंपनीत काढून दोन्ही बाजू कळणारा माणूस तिकडे लागतो. कोर्स किती जणांनी पूर्ण केले हाच आकडा तिकडेही मिरवतात, ते दुखणं सगळीकडे सारखंच.

एमबीए? नको. दोन वर्षं आणि ती फी, कशासाठी? सर्टिफिकेटमध्ये आयएसटीडीचा (इंडियन सोसायटी फॉर ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंट) डिप्लोमा आहे, ही १९७० पासूनची संस्था, नोकरी करता करता होतो. अमेरिकेतल्या एटीडीची (असोसिएशन फॉर टॅलेंट डेव्हलपमेंट) सर्टिफिकेशन्स आहेत पण ती महाग, कंपनीने पैसे भरले तर कर. आधी काहीच करू नकोस, आधी तीन नमुने बनव. पहिला, आरटीआयचं मॉड्यूल, सात मिनिटांचं, कार्यालयातल्या माणसासाठी. कायद्याचा इतिहास, २००५, उद्देशिका, यातलं एक अक्षर नको. सुरुवातच अशी कर, टेबलावर अर्ज आलाय, विषय दुसऱ्या खात्याचा आहे, आता काय करशील, परत पाठवशील की ठेवून देशील? उत्तर, पाच दिवसांच्या आत त्या खात्याकडे पाठवायचा आणि अर्जदाराला कळवायचं. चुकला तर काय होतं ते दाखव. दुसरा नमुना, त्याच विषयाचं एक पान, टेबलाच्या काचेखाली ठेवता येईल असं. तिसरा, तुझ्या जुन्या एखाद्या पंचायत ट्रेनिंगचं दोन पानी प्रामाणिक पोस्टमॉर्टेम, काय बदललं, काय नाही, आणि का नाही. हे तिसरं सगळ्यात जास्त चालेल, कारण असं कोणी लिहित नाही. फक्त गावांची, अधिकाऱ्यांची, जुन्या ऑफिसची नावं काढून टाक.

सीव्हीत "अमुक इतक्या पंचायत सदस्यांची क्षमता बांधणी" हे वाक्य खोड. त्याच्याजागी एक प्रसंग, अडचण काय होती, सगळ्यांना काय वाटत होतं, तू जाऊन काय बघितलंस, काय बदललं. आणि पगाराचं, पहिल्या उडीत बहुतेक वाढ मिळणार नाही, थोडा कमीच मिळेल, ते धरून चल. तेव्हा मला पदाचं नावही खालचं मिळालं होतं, सिनियर एक्झिक्युटिव्ह, सात वर्षांनंतर! दीड वर्षाने सुधारलं.

ऑफर आली की दोन गोष्टी विचारून घे. एल अँड डी कोणाला रिपोर्ट करतं, आणि मला फ्लोअरवर जायला परवानगी लागेल का. दुसऱ्याचं उत्तर "हो, लागेल" असं आलं तर ती नोकरी कॅलेंडर भरायची आहे, हॉल बुक करा, ट्रेनर बोलवा, समोसे सांगा. शिवाय मंदी आली की सगळ्यात आधी कात्री आमच्याच बजेटला लागते, २०२० मध्ये क्लासरूम बंद झाल्या तेव्हा अशा कॅलेंडर भरणाऱ्यांचंच आधी अवघड झालं. आईचं बघायचंय म्हणतोस तर प्लँटमध्ये शिफ्ट आणि बसच्या वेळा आधीच बोलून ठेव, नाइट शिफ्टला अधूनमधून बसावं लागेल, पण रोज नाही.

आणि ते आरटीआयचं मॉड्यूल झालं की कुठल्याही कंपनीला पाठवायच्या आधी ओळखीतल्या एखाद्या क्लार्ककडून करून घे. तू शेजारी बस, फोन बाजूला ठेव आणि अजिबात बोलू नकोस. तो जिथे थांबेल आणि तुझ्याकडे बघेल ती स्लाइड घरी जाऊन बदल.